किल्लीचं पेंडंट आणि न लिहिलेली पहिली पायरी

पेपर वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलांना मी सांगते, निष्कर्ष नंतर वाचा, आधी मेथड वाचा. आणि मेथडमध्ये काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघा. आज याच्या सरावासाठी शोधनिबंध नाही, दोन पानी हँडआऊट घेऊया. कात्रजला आमच्या भागात सुट्टीत एक हस्तकला वर्ग झाला, विषय ‘जुन्या किल्ल्यांपासून सोपे दागिने’. तिथे वाटलेला हा कागद. वर्ग कुणी घेतला याला महत्त्व नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच कृती तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत सापडेल.

कृती थोडक्यात अशी. दोन-तीन जुन्या किल्ल्या घ्या. रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. कानसने घासून चमकवा. डोक्याकडे ड्रिलने भोक पाडा, कडी घाला, साखळीत ओवा. वरून पारदर्शक नेलपेंट लावा. कागद छान आहे, खरंच. चित्रं स्पष्ट आहेत, भोक किती मिलिमीटरचं हवं तेही दिलंय, आणि दहा वर्षांच्या मुलीला तासाभरात गळ्यात घालण्यासारखी वस्तू करता येते. पहिल्याच वाक्यात मात्र गोची आहे. ‘जुन्या किल्ल्या घ्या’ म्हणजे कसल्या? कुठल्या धातूच्या?

एखाद्या केमिस्ट्रीच्या पेपरमध्ये ‘एक पांढरी पावडर घेतली’ असं लिहिलं असतं तर आपण तो तिथेच बंद केला असता. किल्ली हा पदार्थ नाही, आकार आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किल्ल्यांचा ढीग असतो. त्यात लोखंड असतं, पितळ असतं, निकेलचा मुलामा दिलेलं पितळ असतं, आणि तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, तोही असतो. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते.

आता हे सगळं एकाच वाडग्यात व्हिनेगरमध्ये टाका. सकाळी काही लोखंडी किल्ल्यांवर तांबूस झाक दिसेल, आणि हँडआऊटमध्ये तिला कौतुकाने ‘अँटिक लुक’ म्हटलंय. हे दहावीच्या पुस्तकातलंच आहे हो! मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की त्यावर तांबं चढतं. इथे पितळेतून थोडं तांबं द्रावणात उतरलं आणि लोखंडावर बसलं. पितळेची किल्लीही गुलाबीसर दिसू लागते, कारण वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं. म्हणजे हे म्हातारपण एका रात्रीत आलेलं आहे.

इथवर फक्त शब्दांचा प्रश्न होता. खरा मुद्दा शिशाचा आहे.

किल्लीच्या पितळेत बऱ्याचदा मुद्दाम 2 ते 4 टक्के शिसं घातलेलं असतं. ते पितळेत विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं वेगळं राहतं. त्यामुळे कापताना कीस लांब न निघता तुकडे पडतात आणि खाचा स्वच्छ येतात. उत्पादकाच्या दृष्टीने हा गुणच. पण ऑक्टोबर 1999 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने 13 किल्ली-उत्पादक आणि वितरकांवर याच कारणावरून खटला भरला. दिवसातून दोनदा किल्ली हाताळली असं धरून केलेल्या चाचण्यांत सरासरी पितळी किल्ली, नवी असो वा जुनी, त्या राज्याच्या मर्यादेच्या 19 पट निघाली. एप्रिल 2001 मध्ये तडजोड झाली: शिसं 1.5 टक्क्यांपर्यंत उतरवा, नाहीतर ग्राहकाला इशारा द्या. मुलामा दिलेल्या किल्ल्या यातून वगळल्या गेल्या.

आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे, नोव्हेंबर 2017 पासून. 2 टक्के म्हणजे 20,000 पीपीएम. आकडे असे शेजारी ठेवले की धक्का बसतो. पण थांबा, ही तुलना अशीच्या अशी करायची नसते. धातूत किती आहे आणि अंगात किती जातं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रंगाचे पापुद्रे निघतात, किल्लीचे निघत नाहीत. आणि ते 19 पट दिवसातून दोन वेळच्या हाताळणीचे आहेत, गळ्यात दिवसभर घातलेल्या पेंडंटचे नाहीत, म्हणून तोही आकडा इथे उचलून चिकटवता येत नाही. एवढं मात्र म्हणता येतं की लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी सापडलेली नाही आणि मुलं गळ्यातली वस्तू तोंडात घालतात. त्यामुळे हा प्रश्न कृतीत यायलाच हवा होता.

त्यात पायऱ्यांचा क्रमही उलटा आहे. व्हिनेगरमधलं आम्ल पृष्ठभागावरचं काही शिसं विरघळवतं. नंतर कानस मारली की खालचा ताजा थर उघडा पडतो. म्हणजे वाडग्यात शिसं, टेबलावर कीस, आणि गळ्यात नवा उघडा पृष्ठभाग. उरलेलं व्हिनेगर कुठे ओतायचं, टेबल पुसायचं की नाही, हात कधी धुवायचे, यावर कागद गप्प आहे. नेलपेंट कडेने आणि कडीजवळ आधी घासलं जातं, म्हणजे जिथे अंगाला लागतं तिथेच.

निकेलचंही तेच. युरोपने 1994 च्या निर्देशात अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटण्याची मर्यादा घातली, आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला 0.5 मायक्रोग्रॅम. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांना पुण्याच्या मे महिन्यातला घाम आणि जर्मन सिल्व्हरची किल्ली काय करते हे वेगळं सांगायला नको.

मग घरी काय तपासता येईल? चुंबक लावा. चिकटली तर लोखंड. पण निकेलचा मुलामा दिलेलं लोखंडही चिकटतं, तेव्हा चकचकीत थर आहे का तेही बघा. खाचेत पांढऱ्या थराखाली पिवळं दिसलं तर मुलाम्याचं पितळ. घनता मोजून लोखंड (साधारण 7.8) आणि पितळ (साधारण 8.5) वेगळं करता येईल, पण पितळ आणि जर्मन सिल्व्हर इतके जवळ आहेत की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर फरक कळणार नाही. शिसं यातल्या कशानेच कळत नाही. सराफाकडच्या एक्स-रे फ्लुरोसन्स मशीनचं तत्त्व उपयोगी आहे, पण ते सोन्यासाठी कॅलिब्रेट केलेलं असतं. प्रत्येक चाचणी काय सांगते याच्याइतकंच काय सांगत नाही तेही वहीत लिहा.

कागदाचा दुसरा दावा, प्रत्येक किल्ली ‘शंभर वर्षं जुनी’. आकारावरून फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच कळतं. लायनस येल धाकटे यांची पेटंटं 1861 आणि 1865 ची, म्हणून त्यांच्या पद्धतीची चपटी दातेरी किल्ली त्याआधीची नाही. गोदरेजचा शिक्का असेल तर 1897 आधीची नाही, कारण अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली ती त्या वर्षी. वरची मर्यादा आकार देत नाही. जुन्या धाटणीची लिव्हरची कुलपं अलीगढमध्ये आजही होतात.

तिसरा दावा, कचऱ्यातून वाचवलं. पितळ कचऱ्यात जात नाही, भंगारवाला ते वजनावर घेतो आणि ते वितळतं. तुलना कशाशी, हे आधी ठरवा.

मला सगळ्यात खटकतं ते ड्रिल. किल्लीला भोक आधीच असतं! ती अडकवण्यासाठीच घडवलेली वस्तू आहे. आपल्याकडे हे जुनं डिझाइन आहे, छल्ला. चांदीचा, वरच्या आकड्याने कमरेला खोचायचा आणि खाली किल्ल्यांचा जुडगा. किल्ली लुगड्यावर राहते, अंगाला लागत नाही, कापली जात नाही आणि तिने कुलूपही उघडतं. घरात कुणाचं चालतं हे त्या जुडग्यावरून कळायचं, म्हणजे ‘गोष्ट’ही त्यात होतीच. भोक पाडून, घासून चकचकीत केलेल्या किल्लीवरचा शिक्का, वापराने झिजलेल्या कडा, सगळं पुसलं जातं, आणि ती कुठून आली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पुढच्या वर्गासाठी पहिली पायरी मी अशी लिहिली असती: चुंबकाला चिकटणारी, मुलामा नसलेली, काळपट लोखंडी किल्ली घ्या. साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मेणाचा हात फिरवा. आहे त्या भोकातून सुती दोरा ओवा आणि कपड्यावरून घाला. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कुठून घेतली, कधी, वजन किती, शिक्का काय, आणि घासण्याआधीचा एक फोटो. पितळेची सापडली तर तिला भिंतीवरच्या खुंटीला लटकवा.