हात रंगले, नजर बदलली का?

चित्रप्रदर्शनांत हल्ली 'सर्व वयोगटांसाठी' उपक्रम असतो: छापील आकृती रंगवा, घरी न्या. हात रंगतात, भिंतीवरचे चित्र मात्र अनोळखीच राहते. अशा उपक्रमाची कसोटी एकच: करून पाहिल्यावर चित्र वेगळे दिसते का?

आमच्या हिनकलहून जवळच, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आहे. ते पाहण्याआधी तुम्ही कागदावर एक ज्योत रंगवून पाहा. पारदर्शक जलरंगात लख्ख उजेड कोरा कागदच देतो; तिथे रंग लागला, की तो परत आणणे कठीण. ही चूक स्वतःच्या हातून झालेले मूल असो वा आजोबा, त्या चित्रापुढे थबकतात. तेवढे साधले नाही, तर उपक्रम म्हणजे नुसता विरंगुळा.