दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि समीक्षेचे निकष : ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’च्या निमित्ताने

प्रास्ताविक

एखाद्या बँडचे अप्रकाशित डेमो, तालमीतील किंवा प्रत्यक्ष कार्यक्रमातील मुद्रणे आणि बाजारातून नाहीशी झालेली गीते एकत्र करून प्रसिद्ध करण्याची प्रथा पाश्चात्त्य रॉक संगीतात चांगलीच रूढ आहे. डेमो म्हणजे गीताचा ध्वनिरूप खर्डा होय. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर वाढलेल्या, ‘इंडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँडांच्या संदर्भात अशा संग्रहांना विशेष महत्त्व प्राप्त झाले. ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडचा ‘डेड लेटर ऑफिस’ (१९८७) हा संग्रह त्याचे परिचित उदाहरण आहे. टपाल खात्यात पत्ता न सापडलेली पत्रे जेथे जमा होतात, त्या कार्यालयाचे नाव या संग्रहाने घेतले आहे.

या प्रकाराची समीक्षा सामान्यतः एका गृहीतकावर उभी असते. ते असे की, कलावंताचे मुख्य कार्य आधीच प्रकाशित आहे आणि दुर्मिळ संग्रह ही त्याची पुरवणी आहे. हे गृहीतक मुंबईत १९७० च्या दशकात घडलेल्या रॉक संगीतास लागू पडते काय, या प्रश्नाचा विचार ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईत मुद्रित झालेल्या परक्या फिती

ध्वनिमुद्रणाची साधने मुंबईत नव्हती, असे मुळीच नाही. जानेवारी १९६८ मध्ये ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत तेथेच मुद्रित झाले. १९७२ मध्ये ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईतील वादकांसह आपल्या दोन गीतांची प्रायोगिक मुद्रणे केली. ती २०१५ मध्ये ‘कोडा’ या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे प्रकाशित झाली. ‘कोडा’ (१९८२) हाही मुळात बँडच्या शिल्लक राहिलेल्या मुद्रणांचाच संग्रह होता.

त्रेचाळीस वर्षे या फिती टिकल्या, त्यामागे केवळ त्यांची सांगीतिक गुणवत्ता नव्हती. त्यांना मालक होता, नोंद होती आणि ‘आज ना उद्या यास किंमत येईल’ असा भरवसा होता. त्याच शहरात, त्याच दशकात वाजवणाऱ्या स्थानिक बँडांच्या वाट्यास यांपैकी फारसे काही आले नाही.

स्थानिक बँडांची परिस्थिती

भारतीय ध्वनिमुद्रिका व्यवसायाचा मुख्य आधार चित्रपटगीत हा होता. इंग्रजीत गाणाऱ्या तरुण बँडांना संधी मिळे ती स्पर्धांतून. सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक गीतांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका हा त्या काळाचा एक मोजका लेखी पुरावा होय. उरलेले संगीत हॉटेलांत, महाविद्यालयीन समारंभांत आणि १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे भरलेल्या ‘स्नेहयात्रे’सारख्या मेळाव्यांत वाजले आणि तेथेच विरले.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा याच वातावरणातील बँड होता. कीथ कांगा, गिटारवादक नील चट्टोपाध्याय, गायक मधुकर चंद्र धस ही त्याच्याशी निगडित प्रमुख नावे आहेत. नंदू भेंडे यांचेही नाव या वर्तुळात अग्रभागी येते. अलिक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये धस यांनी येशूची, तर भेंडे यांनी जूडासची भूमिका केली होती. पुढे १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने रंगभूमीवर आणलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या पु. ल. देशपांडे यांच्या नाटकात भेंडे अभिनेता म्हणून आणि संगीताच्या अंगानेही सहभागी झाले. मुंबईचे रॉक संगीत मराठी सांस्कृतिक जीवनापासून तुटलेले बेट होते, ही समजूत एवढ्यावरूनही तपासून घ्यावी लागते.

संग्रहाचे मूल्यमापन

बँडची हयातीतील ओळख ‘ऑब्सेशन ७७’ या एकमेव ध्वनिमुद्रिकेपुरती राहिली. तीत इतरांच्या लोकप्रिय रचनांच्या पुनर्मांडणीस मोठे स्थान आहे आणि नृत्यगृहाच्या मागणीची छाप स्पष्ट आहे. २०११ मध्ये लॉस एंजेलिस येथील ‘नाऊ-अगेन’ या लहान संस्थेने ‘ऑब्सेशन’ या नावाने संग्रह काढला आणि त्यात पूर्वी अप्रकाशित असलेली मुद्रणे समाविष्ट केली. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना घडली ती येथे.

केवळ जुनी ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या श्रोत्यास हा बँड कुशल परंतु अनुकरणशील वाटतो. अप्रकाशित भाग ऐकल्यावर हे मत बदलावे लागते. तेथे वादन अधिक मोकळे, अधिक खडबडीत आणि म्हणूनच अधिक स्वतःचे आहे. बाजारासाठी घासूनपुसून काढलेल्या रूपात जे गेले, ते तेथे शिल्लक आहे. म्हणजे या बँडच्या बाबतीत प्रकाशित कृती हीच अपवाद ठरते आणि अप्रकाशित भाग हा मूळ ग्रंथाच्या अधिक जवळ जातो. ‘आर.ई.एम.’च्या संग्रहापूर्वी त्या बँडचे चार अल्बम श्रोत्यांसमोर होते, त्यामुळे तो संग्रह समासातील टिपांसारखा वाचता येतो. येथे मात्र ग्रंथच समासात लिहिला गेला आहे.

तथापि या संग्रहास प्रमाण मानण्याची घाई करणेही योग्य नाही. ‘नाऊ-अगेन’ ही फंक व सायकेडेलिक संगीताच्या पुनःप्रकाशनासाठी ओळखली जाणारी संस्था आहे, तिचा ग्राहक हा प्रामुख्याने पाश्चात्त्य संग्राहक आहे. त्या रुचीस गिटारचा विकृत, घनदाट नाद प्रिय असतो. साधे भावगीतवजा इंग्रजी गाणे तितकेसे नाही. निवड करणारा हात कोणाचा आहे, यावर इतिहासाचे चित्र अवलंबून राहते. जतन केल्याबद्दल कृतज्ञता आणि निवडीबद्दल शंका या दोन्ही गोष्टी समीक्षकाने एकाच वेळी बाळगणे आवश्यक आहे.

पाठचिकित्सेचा धडा

मराठी अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) संत एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठ, पाठभेद आणि प्रक्षेप यांचा विचार मराठीत होत आला आहे. ती दृष्टी ध्वनिमुद्रणास लावल्यास तीन निकष हाती येतात. पहिला, प्रत्येक मुद्रण कोठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी झाले आणि फीत कोणाकडून आली, याची नोंद असावी. दुसरा, संपादकाने काय वगळले तेही सांगावे. तिसरा, ध्वनीची सफाई करताना मूळ पाठ पुसला जाऊ नये. डेमोतील खोकला, मोजलेले ठेके, अर्धवट तुटलेली ओळ हे अपपाठ नसून निर्मितिप्रक्रियेचे पुरावे आहेत. गीत अद्याप कोणत्या दिशेने वळू शकले असते, हे त्यांतूनच कळते.

समारोप

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडने स्वतःच्या गीतांचा अल्बम १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वीची दोन दशके रिकामी भासतात, ती संगीत नव्हते म्हणून नव्हे, तर फिती सांभाळल्या गेल्या नाहीत म्हणून. हा न्याय केवळ रॉक संगीतापुरता किंवा महानगरापुरता मर्यादित नाही. १९६९ मध्ये ज्या तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, त्या परिसरातील घिवलीसारख्या किनारपट्टीच्या गावांत आणि पालघरच्या वारली पाड्यांत तारपा, धवलेरींची लग्नगीते, मांगेला समाजाची गाणी मुखोमुखी चालत आली. त्यांपैकी जे काही कॅसेटवर उतरले असेल, ते आज त्याच धोक्यात आहे. दमट, खाऱ्या हवेत फितीवरील थर चिकट होतो, बुरशी धरते, चुंबकीय कण सुटू लागतात. वाजवण्याची यंत्रेही दुरुस्त होईनाशी झाली आहेत.

हे काम एखादी दूरदेशीची संस्था आपल्या रुचीने येऊन करील, अशी वाट पाहणे परवडणारे नाही. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी हस्तलिखितांप्रमाणेच घरोघरच्या कॅसेटांची नोंद करणे, त्यांचे संगणकीय रूपांतर करणे आणि कलावंतांचे हक्क अबाधित ठेवून त्या अभ्यासास खुल्या करणे, एवढे निश्चितच शक्य आहे. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा संग्रह आवर्जून ऐकावा तो त्यातील संगीतासाठी, आणि त्यात जे येऊ शकले नाही, त्याची जाणीव व्हावी यासाठीही.