विजेची टाकी : एका दृष्टान्ताच्या मर्यादा

सौर आणि पवन विजेविषयीच्या लोकप्रिय लिखाणात साठवणुकीचा विषय निघाला की एक दृष्टान्त हमखास येतो : बॅटरी म्हणजे विजेची टाकी. ऊन-वारा असेल तेव्हा ती भरायची, नसेल तेव्हा वापरायची. पाणी भरून ठेवण्याचा अनुभव घरोघरी असल्यामुळे वर्गात हा दृष्टान्त चटकन पटतो. परंतु तो ‘टाकी केवढी?’ एवढा एकच प्रश्न विचारायला शिकवतो. कोणत्या क्षणी, किती वेगाने आणि कोणत्या साठ्यातून वीज घ्यायची, हा अधिक अवघड प्रश्न त्यात दिसतच नाही.

अलास्काच्या किनाऱ्याजवळील कोडियाक बेटाचे उदाहरण घेऊ. हे बेट मुख्य भूमीच्या वीजजाळ्याशी जोडलेले नाही. त्याची वीज प्रामुख्याने टेरर लेक जलविद्युत केंद्रातून आणि पिलर पर्वतावरील सहा पवनचक्क्यांतून येते. प्रत्येकी दीड मेगावॉटच्या या चक्क्यांपैकी तीन २००९ साली आणि तीन २०१२ साली उभ्या राहिल्या. वारा अचानक पडला तर जलविद्युत जनित्रे वेग घेईपर्यंत उणीव भरून काढायला ३ मेगावॉटची बॅटरी बसवण्यात आली. पुढे बंदरात विजेवर चालणारी मोठी क्रेन आणायचे ठरले, तेव्हा २०१५ साली प्रत्येकी १ मेगावॉटची दोन फ्लायव्हील, म्हणजे वेगाने फिरणारी जड चक्रे, जाळ्याला जोडली गेली.

टाकीच्या दृष्टान्ताने विचार केला तर हा खर्च अनाठायी वाटेल. बॅटरी होतीच की! पण क्रेन कंटेनर उचलताना काही सेकंद मोठी शक्ती ओढते आणि लगेच सोडते. जाळ्यात निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते. न जुळल्यास विजेची वारंवारता ढळते. हे चढउतार बॅटरीही सोसू शकते, परंतु दिवसभर असे हेलकावे खाऊन तिचे आयुष्य घटते. फ्लायव्हील असे हेलकावे लाखो वेळा सहन करते. मात्र पूर्ण शक्तीने वापरले तर ते थोड्याच वेळात रिकामे होते. एकाकडे साठा आहे, दुसऱ्याकडे चपळाई. म्हणूनच दोन्ही मिळून संमिश्र साठवण होते, आणि कामाची वाटणी करणारे नियंत्रण हा तिचा गाभा ठरतो.

ही वाटणी करण्याची सर्वांत सोपी पद्धत आठवीच्या गणितात बसते. मागणीची चालती सरासरी काढायची; सरासरीचा भाग बॅटरीला द्यायचा आणि उरलेला फ्लायव्हीलला. समजा, दर सेकंदाला एक नोंद आहे आणि मागणी शून्यावरून एकदम १०० किलोवॉट होऊन तेथेच राहिली. शेवटच्या चार नोंदींची सरासरी घेतल्यास बॅटरी २५, ५०, ७५, १०० अशी पायरीपायरीने चढेल. फ्लायव्हीलला ७५, ५०, २५ आणि शेवटी शून्य द्यावे लागेल. म्हणजे एकूण १५० किलोज्यूल. दोनच नोंदींची सरासरी घेतली तर फ्लायव्हीलचे काम ५० किलोज्यूलमध्ये भागते, पण बॅटरीला दोन सेकंदांतच पूर्ण भार उचलावा लागतो. बॅटरीला जितके जपावे, तितके चक्र मोठे लागते.

या पद्धतीतही एक उणीव आहे. ती फक्त मागणीकडे पाहते, साठ्याच्या पातळीकडे नाही. लागोपाठ दोन-तीन उचल आल्या तर चक्र नेमके गरजेच्या वेळी रिकामे सापडेल. म्हणून पातळी उतरली की बॅटरीने चक्राला सावकाश भरून द्यावे, असा नियम जोडावा लागतो. काही पद्धती याच्या पुढे जाऊन येणाऱ्या मागणीचा अंदाज बांधतात व वाटणी आधीच ठरवतात. त्या हुशार खऱ्या, पण त्यांची मदार अंदाजावर असते. अंदाज चुकला तर साध्या नियमाहून अधिक हुकतात.

हा केवळ तज्ज्ञांचा प्रश्न नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॉर्न्सडेल येथे २०१७ साली सुरू झालेल्या बॅटरीची क्षमता १०० मेगावॉट आणि साठा १२९ मेगावॉट-तास होता. पूर्ण शक्तीने ती सव्वा तासाच्या आसपास चालेल, हे साधे भागाकाराचे उत्तर आहे. पण तिच्यातील ७० मेगावॉट जाळ्याच्या स्थैर्यासाठी दहा मिनिटांपुरते राखलेले होते आणि उरलेले ३० मेगावॉट विजेच्या व्यापारासाठी होते. बॅटरी एकच, कामे दोन. ‘सर्वांत मोठी टाकी’ एवढेच पाहणाऱ्याला ही वाटणी दिसत नाही. उद्या आपल्याकडील एखाद्या प्रकल्पाचे आकडे वाचताना आपला विद्यार्थीही तेथेच थांबेल.

टाकीचा दृष्टान्त टाकून देण्याचे कारण नाही. तो अपुरा आहे, खोटा नाही. बारीक तोटीची मोठी टाकी आणि रुंद तोंडाची लहान बादली शेजारी ठेवून त्याची दुरुस्ती करता येईल. तोटी वापरून झिजते, ही बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागेल. मग शिक्षकांनी वरील चार नोंदींचे गणित फळ्यावर मांडावे आणि विचारावे : आता टाकीतून घ्यायचे की बादलीतून, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? साठवणुकीचे शास्त्र या प्रश्नापासून सुरू होते.