बर्फाची नावे व बर्फाचे ज्ञान

‘एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शेकडो शब्द आहेत’ हे विधान भाषाविज्ञानाच्या वर्गात एकदा तरी कानी पडतेच. त्याचे मूळ शोधू जाता हाती लागतात ते फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली उदाहरणादाखल दिलेले अवघे चार शब्द : भूमीवरील हिम, पडणारे हिम, वाऱ्याने वाहणारे हिम व हिमाचा ढीग. १९४० मध्ये व्होर्फ यांनी हे उदाहरण लोकप्रिय केले आणि पुढे ज्याने त्याने त्यात आपली भर घातली. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन यांनी, व त्यानंतर जेफ्री पुलम यांनी, या दंतकथेची यथास्थित झडती घेतली. तेव्हापासून आम्ही भाषाभ्यासक हा विषय निकालात निघाला असे मानून स्वस्थ बसलो.

२००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षातील संशोधनातून सिद्ध झालेला, इगोर क्रुपनिक प्रभृतींनी संपादिलेला ‘सिकू : नोइंग अवर आइस’ (२०१०) हा ग्रंथ ही स्वस्थता मोडतो. बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर जमविलेली शब्दसंपत्ती त्या चार शब्दांहून पुष्कळच समृद्ध होती, हे त्यातील एका प्रकरणात साधार दाखविले आहे. हा निष्कर्ष ग्राह्य आहे. परंतु निरनिराळ्या बोलींतील शब्दांची संख्या मांडून तुलना करण्याचा मोह लेखकांना आवरलेला नाही, हे मात्र खटकते. ज्या भाषेत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय लागून संबंध वाक्याएवढा शब्द बनतो, तेथे शब्द मोजणे म्हणजे काय मोजणे, हा प्रश्न आधी सोडवावयास हवा होता.

ग्रंथाचे खरे बळ अन्यत्र आहे. ‘सिकू’ म्हणजे समुद्राचे पाणी गोठून झालेला बर्फ. ‘सिकुलिआक’ हा नुकता धरलेला कोवळा बर्फ. ‘नीलाक’ हा गोड्या पाण्याचा. शिकाऱ्याच्या दृष्टीने ही नावे म्हणजे पाऊल टाकावे की न टाकावे याचा निवाडाच होय. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून उर्वरित पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे; सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील सागरी बर्फ सुमारे ३४ लक्ष चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला. अशा स्थितीत शब्द मुखी राहतो, पण त्यामागचा अनुभव भरवशाचा राहत नाही. अर्थपरिवर्तनाची ही जात आमच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही.

आणि आपली मराठी? सिकू, नीलाक व ग्रीनलंडच्या भाषेतील हिमनदीवाचक ‘सेर्मेक’, या तिन्हींना आपण सरसकट ‘बर्फ’ म्हणतो. एरवी त्यात काही वावगे नाही. कोकणच्या माणसाला त्याहून अधिक शब्द हवेत कशाला? परंतु ‘ध्रुवावरील बर्फ वितळून समुद्र चढेल’ असे वाक्य जेव्हा आपण लिहितो, तेव्हा दोन भिन्न घटना एक होतात. तरंगता सागरी बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. त्याच्या जागी उघडा पडलेला काळा समुद्र मात्र अधिक उष्णता शोषून घेतो. ग्रीनलंडच्या भूमीवरील हिमस्तर संपूर्ण वितळला तर पातळी सुमारे सात मीटर चढेल. मुंबईच्या वाचकाला यांतील दुसऱ्या घटनेची चिंता वाहावयाची आहे, आणि आपली परिभाषा त्याला पहिलीच दाखविते. ‘सागरी बर्फ’ व ‘हिमस्तर’ हा भेद काटेकोरपणे पाळला, तर नवे शब्द घडविण्याचीही गरज नाही.