शिलाईदहचा चैत्र आणि इंग्रजी 'गीतांजली'

रवींद्रनाथ टागोर यांच्या इंग्रजी 'गीतांजली'ची चर्चा बहुधा १९१३ च्या नोबेल पारितोषिकापासून सुरू होते आणि त्याच्याभोवतीच फिरत राहते. या अनुवादाचा उगम एका आजारपणात आहे, ही बाब चरित्रकार नोंदवतात. मात्र तिला आठवणीपलीकडे फारसे मूल्य दिले जात नाही. वस्तुतः ते आजारपण आणि या गद्यकाव्याची घडण यांचा संबंध अधिक निकटचा आहे.

१९ मार्च १९१२ रोजी रवींद्रनाथ कलकत्त्याहून इंग्लंडला निघणार होते. सामान जहाजावर चढलेही होते. ऐनवेळी प्रकृती ढासळली, प्रवास रहित झाला आणि विश्रांतीसाठी ते पद्मा नदीच्या परिसरातील शिलाईदह या आपल्या जमीनदारीच्या गावी गेले. हे गाव आज बांगलादेशाच्या कुष्टिया जिल्ह्यात आहे. या दिवसांविषयी त्यांनी ६ मे १९१३ रोजी लंडनहून पुतणी इंदिरादेवींना सविस्तर लिहिले. नवे काही लिहिण्याइतके बळ अंगात नव्हते. परंतु चैत्रातला मोहोराचा गंध आणि पाखरांचे कूजन मनाला स्वस्थ बसू देईनात. म्हणून पूर्वीच्या गीतांतील भावानुभव दुसऱ्या भाषेच्या द्वारे पुन्हा घ्यावा, एवढ्याच हेतूने वही हाती घेतली, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे निवेदन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. 'गीतिमाल्य' (१९१४) या संग्रहातील अनेक गीतांखाली 'चैत्र १३१८, शिलाईदह' अशी नोंद आढळते. म्हणजे नवनिर्मिती थांबली नव्हती. सलग, दीर्घ श्रमाची शक्ती तेवढी ओसरली असावी. गीत गुणगुणता येते. अनुवादही दिवसाकाठी थोडा थोडा करता येतो.

येथे मराठी वाचकाने एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. आपला चैत्र गुढीपाडव्याने वर्ष सुरू करतो. बंगाली चैत्र वर्षाचा शेवटचा महिना होय. आपण वसंत चैत्र-वैशाखात मानतो, बंगाली परंपरा फाल्गुन-चैत्रात. त्यामुळे शिलाईदहचा वसंत हा येऊ घातलेला नसून निरोप घेणारा वसंत आहे. याच मुक्कामात रचलेले आणि इंग्रजी 'गीतांजली'त एकविसाव्या क्रमांकावर असलेले गीत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नाव सोडायची वेळ झाली आहे, फुलण्याचे काम आटोपून वसंत निघून गेला आहे, आणि निवेदक अजून काठावरच रेंगाळतो आहे. या गीताचा आध्यात्मिक अर्थ नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे जहाज नुकतेच चुकले आहे अशा माणसाच्या तोंडी ते आहे, हेही विसरता येत नाही.

या घटनेच्या काही महिने आधी, १९११ मध्ये, त्यांनी 'डाकघर' हे नाटक लिहिले होते. त्यातील आजारी अमलला शरदाचे ऊन आणि वारा दोन्ही वर्ज्य आहेत, अशी कविराजांची आज्ञा आहे. राजवैद्य येऊन दारेखिडक्या उघडवतो तो अगदी शेवटी. शिलाईदहला दारे पहिल्यापासून उघडी होती, एवढा फरक.

मूळ बंगाली 'गीतांजली'त १५७ रचना आहेत, इंग्रजीत १०३. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास मूळ संग्रहातल्या, उरलेल्या 'गीतिमाल्य', 'नैवेद्य', 'खेया', 'शिशु' आदी संग्रहांतल्या. बंगालीत प्रत्येकीचा छंद, यमक आणि चाल निराळी. कोठे ठेका चपळ, कोठे संथ. इंग्रजीत सगळ्यांना एकच मंद चाल प्राप्त झाली. पाश्चात्त्य रसिकांनी या मंदपणाला पौर्वात्य गूढवादाची शांती मानले आणि आपल्याकडील समीक्षेने ती उपपत्ती फारशी न तपासता उचलली. त्या शांतीचा काही अंश तरी थकलेल्या शरीराच्या विसाव्याचा आहे, असे म्हणावे लागते. आपल्या इंग्रजी अनुवादांविषयी कवीला पुढे वाटलेले असमाधान सर्वश्रुत आहे. गीतांचे वैविध्य गमावल्याची खंत त्यामागे असेल, तर ती रास्तच होती.

अर्थात सगळा ग्रंथ शिलाईदहला झाला नाही, म्हणून या स्पष्टीकरणाला मर्यादा आहे. २७ मे १९१२ रोजी रवींद्रनाथ मुंबईहून निघाले तेव्हा दोन्ही पंचांगांतला वसंत संपला होता. वहीतले काम मात्र जहाजावरही चालू राहिले.