'स्पर्शां'ची मोजदाद आणि मजकुराचे संपादन

वृत्तपत्राच्या कचेरीत अनेकदा आधी परिभाषा बदलते आणि मागाहून कामाची रचना बदलते. ही परिभाषा बहुधा कारखानदारीतून उसनी घेतलेली असल्यामुळे तिची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकानेही करणे इष्ट होय. या दृष्टीने अमेरिकन वृत्तपत्रांचा अलीकडील अनुभव विचारार्ह आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये गॅनेट या वृत्तपत्रसमूहाने आपल्या संपादकीय विभागांना 'इन्फर्मेशन सेंटर' असे नाव देण्याचे जाहीर केले आणि त्यांच्या कामाची सात शाखांत विभागणी योजिली. लोकसेवा, आकडेवारी, वाचकसंवाद, डिजिटल इत्यादी नावे त्यांत होती. आलेला मजकूर तपासणाऱ्या उपसंपादकाच्या कामाचा निर्देश मात्र एकाही नावात नव्हता. नाव नसणे म्हणजे काम नसणे नव्हे, हे खरे. परंतु काटकसरीच्या प्रसंगी अनामिक कामाची बाजू मांडणे कठीण जाते. २०१२ मध्ये 'डेन्व्हर पोस्ट'ने आपला कॉपी-डेस्क मोडला. २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही स्वतंत्र कॉपी-डेस्क रद्द करण्याचे ठरविले, तेव्हा २९ जून रोजी कर्मचारी निषेधार्थ कचेरीबाहेर आले.

याच काळात तेथील व्यवस्थापकांच्या बोलण्यात 'टच' हा शब्द रूढ झाला. एका बातमीला किती जणांचा हात लागतो याची मोजदाद करावयाची आणि ते 'स्पर्श' कमी करावयाचे, असा हा विचार. मालाची हाताळणी जितकी कमी तितका खर्च कमी, हे गोदामात खरे असेल. वाचन ही मात्र हाताळणी नव्हे. येथे रूपकानेच युक्तिवादाचे काम केले आहे. 'वाचक कमी करा' असे म्हटले असते तर कोणीही कारण विचारले असते. 'स्पर्श कमी करा' म्हणताच तो प्रश्न मावळतो.

दुसऱ्या वाचकाची आवश्यकता भाषेच्या स्वरूपातूनच निर्माण होते. 'आयुक्तांनी महापौरांशी त्यांच्या दालनात चर्चा केली' हे मराठी वाक्य पाहावे. दालन कोणाचे? व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने कर्त्याचे दालन अभिप्रेत असते तर 'आपल्या' हे रूप यावयास हवे होते. पण वृत्तपत्रीय मराठीत हा भेद नेहमी पाळला जात नाही. बातमीदार तेथे हजर होता. म्हणून त्याला संदिग्धता जाणवत नाही. वाक्यात नसलेला अर्थ तो स्वतःच्या स्मृतीतून भरून काढतो. लेखननियम तपासणाऱ्या यंत्रालाही येथे दोष सापडणार नाही, कारण प्रत्येक शब्द शुद्ध आहे. हा प्रश्न विचारू शकतो तो घटना न पाहिलेला, परंतु भाषा जाणणारा माणूस. उपसंपादक तो हाच.

या व्यवस्थापकांची अडचण खोटी होती असे मात्र म्हणता येणार नाही. छापील जाहिरातींचे उत्पन्न घटले होते, आणि रात्रीच्या छपाईभोवती बेतलेली कामाची रचना अहोरात्र प्रकाशनाला अपुरी पडत होती. काही ठिकाणी एकच तपासणी दोनदा होत असेल, तर ती टाळण्यातही गैर काही नाही. आक्षेप आहे तो मोजमापाच्या एकांगीपणाला. वाचनाला लागलेला वेळ मोजता येतो. टळलेली चूक मोजता येत नाही, कारण ती छापलीच जात नाही. जे काम यशस्वी झाले असता अदृश्य होते, ते अशा हिशेबात नेहमी खर्चाच्याच बाजूला पडते.

वाचकाला हा फरक कळत नाही, हा समजही तपासून पाहण्यात आला आहे. वेन स्टेट विद्यापीठातील फ्रेड व्हल्टी यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संपादित बातम्या वाचकांना असंपादित बातम्यांपेक्षा अधिक व्यावसायिक आणि अधिक सुसंघटित वाटल्या, असे आढळून आले.

तात्पर्य, रचना अवश्य बदलावी. परंतु बातमी ज्याने लिहिली नाही अशा एका माणसाने ती प्रसिद्धीपूर्वी वाचलीच पाहिजे, एवढा नियम कोणत्याही नव्या नावाखाली टिकला पाहिजे. तो मोडला, तर उपसंपादकाचे काम थांबत नाही. ते नकळत वाचकाच्या माथी येते, आणि वाचकाजवळ खुलासा विचारण्यासाठी बातमीदार नसतो.