सेंद्रिय अन्न : दावे तीन, पुरावे वेगवेगळे



सेंद्रिय घ्यायचं की नेहमीचं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दुकानात उभं राहून विचारला जातो. समोर डाळीच्या दोन पिशव्या असतात. एकीची किंमत दुसरीपेक्षा बरीच जास्त असते आणि आपण मनाशी म्हणतो, ‘यातली माझ्या तब्येतीला चांगली कोणती?’ आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी हा प्रश्नच जरा तपासून बघू. त्यासाठी एक जुनं पुस्तक हाताशी घेऊ. सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’, प्रकाशन १९४० सालचं. जगभरातली सेंद्रिय शेतीची चळवळ ज्या मोजक्या पुस्तकांवर उभी आहे, त्यातलं हे एक.

आधी शब्द पाहू. ‘सेंद्रिय’ म्हणजे स-इंद्रिय, सजीवाशी संबंध असलेलं. रसायनशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ कार्बनची संयुगं असा होतो. फ्रीड्रिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा सजीवाशिवाय असं संयुग बनतच नाही या समजुतीला तडा गेला. म्हणजे गंमत बघा, रसायनशास्त्राच्या भाषेत युरिया सेंद्रिय आहे आणि सेंद्रिय शेतीत त्याला बंदी आहे! उलट मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण, जे आपल्या नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना चांगलं ठाऊक आहे, ते निरिंद्रिय असूनही सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं. तेव्हा पिशवीवरचा शब्द आतल्या पदार्थाचा गुण सांगत नाही. तो पदार्थ कोणत्या नियमांनी पिकवला एवढंच सांगतो.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच असणार’ हा युक्तिवादही बाजूला ठेवावा लागेल. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते पूर्ण नैसर्गिक आहे आणि यकृताला घातकही. जॉन स्टुअर्ट मिलच्या मृत्यूनंतर, १८७४ साली, ‘निसर्ग’ या विषयावरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ‘निसर्गात असं आहे’ यावरून ‘असं असणं योग्य आहे’ हे निघत नाही, हा मुद्दा त्याने तिथे नीट मांडला आहे.

आता हॉवर्डकडे येऊ. हा माणूस १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा इथे आला. १९२४ पासून तो इंदूरला होता. तिथे त्याने कंपोस्ट खताची जी पद्धत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, राख यांचे थर द्यायचे, ओल आणि हवा सांभाळायची, ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा. १९३१ साली या कामावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड या आपल्या माणसाचंही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हे नाव क्वचितच घेतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हॉवर्डच्या पुस्तकात दोन दावे आहेत आणि ते वेगळे करून वाचायला हवेत. पहिला दावा परतफेडीचा. जमिनीतून जे काढलं ते जमिनीला परत दिलं पाहिजे, नाहीतर आपण मुद्दल खातो आहोत. हा दावा भक्कम आहे. सेंद्रिय कर्ब घटला की जमीन पाणी धरत नाही, हे शेतकऱ्याला अनुभवाने कळतं आणि प्रयोगशाळेतही मोजता येतं.

दुसरा दावा आरोग्याचा. सुपीक जमिनीतला चारा खाणारे आपले बैल लाळ्या-खुरकत झालेल्या शेजारच्या जनावरांच्या नाकाला नाक लावत होते, तरी त्यांना रोग झाला नाही, असं हॉवर्ड सांगतो. निरीक्षण प्रामाणिक असेल. पण तुलनेला दुसरा गट कुठे आहे? त्या बैलांची निगाही चांगली राखली जात होती, ते आधीच रोगाला सरावलेले असतील, ही कारणं त्याने बाद केलेली नाहीत. हे उदाहरण झालं, पुरावा नव्हे.

नंतरच्या संशोधनानेही हा दुसरा दावा अर्धवटच उचलून धरला आहे. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न ठळकपणे अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र कमी आढळले. २०१४ साली न्यूकासल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अशाच अभ्यासात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी दिसलं. पण त्याने खाणाऱ्याचं आरोग्य किती सुधारतं, हा प्रश्न वेगळा उरतोच.

आमचा आक्षेप इथे आहे. बाजाराने हॉवर्डचा दुबळा दावा उचलला आणि भक्कम दावा सोडून दिला. पिशवीवर ‘आरोग्यदायी’ हा शब्द असतो, ‘परतफेड’ नसतो. सेंद्रिय भाजी पुण्या-मुंबईच्या घरात येते, तिची सालं आणि देठं ओल्या कचऱ्यातून शहराच्या कचरा डेपोवर जातात आणि त्या शेताकडे काहीच परत जात नाही. हॉवर्डच्या कसोटीवर हा व्यवहार नापास आहे, पिशवीवर शिक्का असला तरी.

मग रासायनिक शेतीची बाजू जिंकली का? तर नाही. तिच्याकडे एक खरा मुद्दा आहे, तो आधी मान्य करू. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ पासून कारखान्यात आली. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न या खतावर अवलंबून आहे, असा अंदाज आहे. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. परतफेडीचं तत्त्व खरं असलं, तरी एका हंगामात हुकूम काढून ते अमलात येत नाही.

पण ‘अवशेष मर्यादेत आहेत, सबब सुरक्षित’ असं ही बाजू म्हणते, तेव्हा विचारायला हवं, सुरक्षित कोणासाठी? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक कपाशीचं होतं, अन्नाचं नव्हे, हे खरं. पण तोच मजूर, तोच पंप पाठीवर घेऊन तुरीतही जातो आणि भाजीतही. अवशेषांची मर्यादा ताटात मोजतात, फवारणाऱ्याच्या श्वासात नाही.

आणि ताटांतही भेद आहे बरं का. २०१० साली आपली द्राक्षं एका वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात अडकली. निर्यातीच्या द्राक्षाची कोणत्या बागेतलं इथपर्यंत नोंद असते, नमुने तपासले जातात. आपल्या मंडईतल्या वांग्याचं शेत कुणाला माहीत असतं?

म्हणून मुळात हे तीन प्रश्न आहेत. खाणाऱ्याच्या तब्येतीचा, फवारणाऱ्याच्या जिवाचा आणि जमिनीच्या मुद्दलाचा. पहिल्यात फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. दुसरा आणि तिसरा सर्वांत गंभीर, आणि नेमके तेच दुकानात विचारले जात नाहीत. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी शेतकऱ्याला साधारण दोन-तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. या काळात उत्पन्न घटू शकतं आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. हा तोटा एकट्या दोन एकरवाल्याने का सोसायचा?

जास्त पैसे जरूर द्यावेत, पण कशासाठी देतो हे ओळखून द्यावेत. केवळ स्वतःच्या तब्येतीसाठी देत असू, तर पुरावा बेताचाच आहे. फवारणी कमी व्हावी, जमीन टिकावी, संक्रमणातल्या शेतकऱ्याच्या पदरी काही पडावं, यासाठी देत असू, तर ते शेतकऱ्यापर्यंत पोचतात का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि ज्याला ती महाग पिशवी परवडत नाही, त्याच्या साध्या डाळीतले अवशेषही तपासले जावेत आणि ती पिकवताना कुणी दगावू नये, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करायला हवी. ती दुकानात पुरी होणार नाही. त्यासाठी कृषी खात्याकडे आणि अन्न प्रशासनाकडेच जावं लागेल.

आता आपण प्रश्नांकडे वळू.